चिंचोक्याएवढा सूड

मी माझं नाव माझ्याच हाताने खरवडून टाकलं. कुणी दमदाटी केली नव्हती, हात पिरगाळला नव्हता. समोरच्या खुर्चीवर एक गृहस्थ चहा पीत बसले होते आणि मी "साखर पुरेशी आहे ना?" असं विचारत तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली माझी सही पात्याने तासत होते. तासून झाल्यावर ती जागा घोटून घोटून गुळगुळीत केली. त्यांनी वर बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "वा! इथे काही होतं असं वाटतसुद्धा नाही." मी लाजले. लाजले! आज आठवलं की वाटतं, मस्कतच्या दार्सैत भागातल्या त्या जुन्या स्वयंपाकघरात शिरावं, त्या लांब वेणीच्या बाईला तिच्याच वेणीने खुर्चीला बांधावं आणि तिच्या हातातलं पातं काढून घ्यावं.

ती बाई, म्हणजे मीच, तेव्हा स्वतःला कलावंत समजत असे. मुंबईत चित्रकलेच्या शाळेत तांब्यावर कोरून छापायचं काम शिकली होती आणि लग्न होऊन मस्कतला आली तेव्हा सामानात लोणच्याच्या बरण्यांइतकंच जपून तिने कोरायच्या सुयांचं पुडकं आणलं होतं. रुवीच्या उकाड्यात जाडजूड हातमागाच्या साड्या नेसायची. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. टॅक्सीत बसली की खिडकीबाहेर खोल विचारात असल्यासारखी बघायची. विचार बहुतेक वेळा संध्याकाळी भाजी काय करावी एवढाच असायचा.

पण काम मला येत होतं, ते खोटं नाही. पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने चित्र काढायचं, मग पत्रा आम्लात सोडायचा. जिथे सुई फिरली तिथे आम्ल तांबं खातं. मेण पुसलं की राहिलेल्या खाचांत शाई भरायची, वरची शाई मलमलीने पुसायची आणि ओलसर कागद ठेवून दाबाखाली काढायचा. कागदावर चित्र उमटतं ते उलटं, डावीकडचं उजवीकडे. म्हणून पत्र्यावर सगळं आधीच उलटं काढायचं असतं. हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. पुढे जे घडलं त्यासाठी हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

तांब्याचे तुकडे आमचे हे कंपनीतून आणायचे, विजेच्या पॅनेलमधून उरलेले. आम्ल रुवीतल्या रेडिओ दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात मिळायचं. आणि दाबाचं यंत्र? खालच्या मजल्यावरची इटालियन बाई देश सोडून गेली तेव्हा तिने मला तिचं शेवया लाटायचं यंत्र दिलं. इथे तसंच असतं. कामाचा करार संपला की माणूस विमानात बसायच्या आधी घर वाटून टाकतो. कुणाला पंखा, कुणाला मिक्सर, कुणाला कुंडीतली तुळस. त्या यंत्राच्या रुळांतून वीतभर रुंदीचा पत्रा अगदी सफाईने जायचा. त्यातून मी एकदाही शेवई काढली नाही.

ह्यांचा इंग्रज साहेब असाच परत गेला, तेव्हा आमच्या वाट्याला एक मोठं बाड आलं. त्यात सतराव्या शतकातल्या कुठल्या तरी प्रवासवर्णनातून सुटलेली चित्रांची पानं होती आणि जुन्या छापखान्यांवरचं एक जाडजूड पुस्तक. साहेबाच्या बायकोला ती पानं भिंतीवर नको होती, कारण त्यांतले उंट तिला घाबरवायचे. घाबरवणारच. उंटांची तोंडं मेंढीची होती. खजुराची झाडं कोबीच्या गड्ड्यांसारखी. एका पानावर मस्कतचं बंदर होतं, दोन्ही बाजूंना दोन किल्ले, मध्ये गलबतं. पण मागचे डोंगर असे काही टोकदार की जणू कुणी चक्क्याच्या पुरचुंड्या ओळीने मांडल्यात. ज्याने हे कोरलं त्याने मस्कत सोडा, डोंगरही पाहिला नसावा.

पण रेघ! त्या माणसाची रेघ पाहून माझ्या हातातला चहा गार झाला. पाण्यावरची सावली त्याने नुसत्या आडव्या रेघांनी अशी काढली होती की कागद ओला वाटावा. आणि खाली कोपऱ्यात, जिथे कोरणाऱ्याचं नाव असायचं, तिथे कुणीतरी तासल्याचा पुसट डाग होता. त्यावर प्रकाशकाचं नाव ठसठशीत कोरलेलं. तासलेलं मला लगेच ओळखू येतं. घोटणाऱ्याने घाई केली होती, कागदावर करडा धूर राहिला होता.

मग मी सहाच्या सहा पानं भिंग घेऊन बघायला बसले. प्रत्येक पानावर किनाऱ्यावरच्या दगडगोट्यांत एक छोटंसं शिंप्याचं अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची टोपी, पडलेलं होतं. आणि प्रत्येक पानावर, गर्दीत कुठेतरी, पिसाच्या टोपीचा, ढेरीचा, गालावर चामखीळ असलेला तोच एक माणूस. मस्कतच्या किनाऱ्यावर त्याच्या अंगठ्याला खेकडा चावतोय. दुसऱ्या बंदरात त्याच्या पायावर कुत्रं तंगडी वर करतंय. तिसऱ्यात तो होडीतून पालथा पडतोय आणि बाकीचे लोक दुसरीकडे बघतायत.

उत्तर जाड पुस्तकात मिळालं, जेमतेम चार ओळींत. उत्तर युरोपातल्या एका बंदरगावचा, शिंप्याचा मुलगा, त्यामुळे खूण म्हणून अंगुस्तान काढायचा. पुस्तकांतली चित्रं कोरायचा. प्रकाशकाने त्याचे पत्रे ताब्यात घेतले आणि नावं तासून काढली. कज्जा झाला, हा हरला, आणि पुढेही त्याच प्रकाशकासाठी कोरत राहिला. बस, एवढंच. त्याच पुस्तकात पुढे त्या प्रकाशकाचं तेलचित्र पूर्ण पानभर होतं. पिसाची टोपी, ढेरी आणि चामखीळ. मी एकटीच घरात इतकी हसले की शेजारची मलबारी बाई दार वाजवायला आली.

एक बारकी गोष्ट तेव्हाच मला दिसली होती. तेलचित्रात चामखीळ एका गालावर आणि कोरलेल्या चित्रांत दुसऱ्या. मी म्हटलं, बिचारा! रागाच्या भरात उलटं काढायला विसरला. इतका मोठा कारागीर आणि शाळेतल्या पोरासारखी चूक. त्याची मला जरा कीवच आली.

आता सर. आमच्या मराठी मंडळींत सगळे त्यांना सर म्हणत, आणि ते स्वतःलाही तसंच म्हणत असावेत. मूळचे पुण्याचे, कंपनीत ह्यांचे वरिष्ठ, अर्बाबाच्या, म्हणजे ओमानी मालकाच्या, उजव्या हाताला बसणारे. जुन्या मस्कतवर ते पुस्तक लिहीत होते. आमच्याकडे जेवायला आले, ती पानं पाहिली, मी उत्साहाने अंगुस्तान दाखवलं, खेकडा दाखवला, चार ओळी वाचून दाखवल्या. ते फक्त "हं, हं" करत होते. मला वाटलं, जेवण जड झालं असेल.

मस्कतचं पान एका कडेने वाळवीने खाल्लेलं होतं. सर म्हणाले, "वहिनी, हे पुस्तकात कसं घालणार? तुम्ही नव्याने कोरून द्याल का? अगदी तसंच?"

मी तीन महिने तेच केलं. स्वयंपाक करपला, धाकट्याचा गृहपाठ राहिला, बोटं काळी. त्या माणसाची एकेक रेघ मी माझ्या हाताने पुन्हा चालले. खाल्लेला भाग माझ्या मनाने भरला, दोन होड्या आणि एक माशांची टोपली माझी. खेकडा सोडला नाही. खाली कोपऱ्यात अंगुस्तान, आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत माझं नाव.

"सुरेख," सर म्हणाले. "पण वहिनी, जुन्या चित्रावर तुमची सही कशी दिसते, सांगू? लग्नाच्या शालूवर दुकानाची चिठ्ठी राहिल्यासारखी. वाचकाचा रसभंग होतो. नाव काय, आपण आत छापूच की."

रसभंग! हा शब्द ऐकून मी वितळले. कलावंतच ना मी. गेले, पातं आणलं, पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. पत्राही त्यांनाच देऊन टाकला, जपून ठेवायला.

प्रकाशन रुवीतल्या एका हॉलमध्ये झालं. मी तिसऱ्या रांगेत, मोरपंखी साडीत. सरांनी भाषणात सांगितलं की युरोपातली जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घालून त्यांनी एका विस्मृत कारागिराचा शोध लावला. अंगुस्तानाची गोष्ट सांगितली. खेकड्याची सांगितली, त्यावर हॉल हसला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टाळ्या वाजवत होते. हात आपोआप वाजत होते. पुस्तक हातात आलं. पहिल्याच पानावर माझं बंदर, आणि खाली छापलेलं, 'दुर्मिळ ताम्रपट, लेखकाच्या संग्रहातून'. आभारांचं पान काढलं. कुटुंब, अर्बाब, छायाचित्रकार, टंकलेखक. शेवटच्या ओळीत, कार्यक्रमाच्या चहाफराळाची व्यवस्था पाहणाऱ्या भगिनींमध्ये, मी.

"आहे की तुझं नाव," हे गाडीत म्हणाले. चेष्टा करत नव्हते. माझं सांत्वन करत होते. मला त्या क्षणी दोघांनाही समुद्रात ढकलावंसं वाटलं.

सांगणार कुणाला? हे त्यांच्या हाताखाली. व्हिसाचं नूतनीकरण त्यांच्या सहीने. आणि दाखवणार काय? पुरावा मीच घोटून गुळगुळीत केला होता. आठवडाभर मी पोळ्या लाटत नव्हते, आपटत होते. मग एका सकाळी, ह्यांचा डबा भरताना, तो शिंप्याचा मुलगा आठवला आणि डब्यात भाजीऐवजी दोनदा लोणचंच घातलं गेलं. त्याला तरी कोर्टाने काय दिलं होतं? त्याने हातात होतं तेच वापरलं.

आमच्याकडे एक रीत होती. दर दिवाळीला मी ओळखीच्या सगळ्या मराठी घरांना हाताने छापलेलं शुभेच्छापत्र पाठवायची. मत्राहचा किनारा, निझवाचा बाजार, कधी नुसती गलबतं. लोक ते जपून ठेवायचे. त्या वर्षी मी बंदर काढलं, दिवे लावलेली गलबतं काढली आणि कोपऱ्यात एक माणूस काढला. अंगावर सतराव्या शतकातला झालरीचा गळपट्टा, डोकं चिंचोक्याएवढं. पण टोपी मी उडवून दिली होती, म्हणजे टकलावरून एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत आडवे चिकटवलेले केस दिसावेत. गालावर चामखीळ. सरांचे केस, आणि चामखीळही सरांचीच, कारण त्यांच्याही गालावर एक होती. आणि एक बकरी त्यांच्या हातातला कागद खात होती.

काय सांगू तुम्हाला त्या छपाईची मजा! यंत्राचा दांडा फिरवताना मी गाणं म्हणत होते. पत्र्यावरून कागद उचलला आणि बकरीचे दात पाहिले, तेव्हा आभारांचं पान विसरले, चहाफराळ विसरले. पाकिटं भरली आणि सगळ्यांत आधी सरांचं टाकलं.

दिवाळीनंतर त्यांच्याकडे गेलो तर शुभेच्छापत्र सोनेरी चौकटीत, दिवाणखान्यात, सोफ्याच्या वर! सर पाहुण्यांना दाखवत होते, "आमच्या वहिनींची कला." माणसाला कळलंच नव्हतं. मी संडासात जाऊन तोंडात पदर कोंबून हसले.

मग थांबले नाही. दर दिवाळीला एक. सर गाढवावर उलटे बसलेले. सर मासळीबाजारात, त्यांच्या नाकाला खेकडा. सरांच्या धोतराचं टोक गलबताच्या नांगराला अडकलेलं आणि गलबत निघालेलं. एका वर्षी घरात खूप आजारपण होतं, वेळ नव्हता, तरी मी निदान एक माशी काढली आणि ती त्यांच्या चामखिळीवर बसवली. आम्ही दार्सैत सोडून सीबला आलो, पोरं मोठी झाली, सुना आल्या, नातवंडं झाली. धाकटी नात मराठीत अडखळते, पण 'आजीचा फनी मॅन' कुठे लपलाय ते आधी शोधते. फनी मॅन कोण, हे मी कुणालाच सांगितलं नाही. सरांच्या भिंतीवर चौकटी वाढत गेल्या. रागाचं म्हणाल तर तो दर वर्षी ताजा व्हायचा. त्या चौकटी म्हणजे त्याला खतच.

यंदा सर कायमचे पुण्याला निघाले. निरोपाचं जेवण झालं. तिथे उठून म्हणाले, "निवृत्तीत पहिलं काम ठरलंय. माझ्या पुस्तकाची नवी आवृत्ती. मुखपृष्ठावर तेच ताम्रपटाचं चित्र. माझ्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा शोध."

माझ्या हातातला गुलाबजाम वाटीत परत पडला. इतकी वर्षं मी ह्या माणसाला बकऱ्या, गाढवं आणि खेकडे लावत आले आणि हा तसाच, कोरडा ठणठणीत, माझं बंदर घेऊन पुण्याला चालला! त्याला कळलंच नाही तर सूड कुणावर उगवला मी? कागदावर? त्या रात्री ठरवलं: विमानात बसायच्या आधी ह्याला कळलं पाहिजे. आणि ताम्रपट कुणाचा, ते ह्याच्या तोंडून मी ऐकलं पाहिजे.

हात थरथरतो आता, पण राग असला की कमी थरथरतो. शेवटचा पत्रा यंत्रात जेमतेम मावेल एवढा घेतला. ह्या वेळी चिंचोका नाही, चांगला मुठीएवढा चेहरा. सर किनाऱ्यावर मांडी घालून बसलेत, मांडीवर पत्रा, हातात पातं, आणि पत्र्यावरचं कुणाचं तरी नाव तासतायत. केस, चामखीळ, सगळं ठसठशीत. पहिला ठसा वाळत घातला आणि सुनेला हाक मारली. माझी सून दातांची डॉक्टर. मस्कतातली निम्मी मराठी तोंडं तिने आतून पाहिलीत, सरांचंही.

"ओळख बरं, कोण?"

तिने मान तिरकी करून पाहिलं. "आई, हे आपले खालचे फार्मसीवाले का?"

"अगं, नीट बघ. सर!"

"सर?" ती हसायला लागली. "आई, सरांची चामखीळ डाव्या गालावर आहे. दर सहा महिन्यांनी मी तिथे गाल ओढून धरते, मला माहीत नाही? ह्या माणसाची उजव्या गालावर आहे. आणि सर केस ह्या कानावरून त्या कानावर घेतात, हा तिकडून इकडे. सॉरी, पण हे कोणी वेगळेच काका आहेत."

मी खुर्चीवर बसले. तिला वाटलं, साखर कमी झाली. पाणी आणायला धावली.

उलटं. पहिल्या आठवड्यात शिकवतात ते! बंदरं मी दर वर्षी ट्रेसिंगवरून नीट उलटी काढायची, किल्ला न किल्ला जागेवर. आणि सरांना मात्र आठवणीतून, दात-ओठ खात, सरळ पत्र्यावर काढायची. पुढल्या वर्षी आदल्या वर्षीच्या पत्र्यावरून. म्हणजे इतक्या दिवाळ्या मी मस्कतभर एका अशा माणसाची बदनामी छापत होते जो जगात नाहीच. त्या शिंप्याच्या मुलाची कीव करणारी मी!

"आई, काय झालं?"

"काही नाही. तुझी सासू ढ आहे, ते आज तुला पण कळलं."

"मला आधीपासून डाउट होता," ती म्हणाली आणि पाण्याचा ग्लास हातात दिला.

पुन्हा कोरायला वेळ नव्हता. सर चार दिवसांत जाणार. म्हटलं, चित्राने कळणार नसेल तर तोंडाने सांगू. ठसा गुंडाळला, टॅक्सी केली आणि गेले. त्यांचं घर सीबमध्येच, जुन्या बाजाराच्या मागे. वाटेत टॅक्सीवाल्याच्या मागे बसून ओठांतल्या ओठांत भाषण पाठ करत होते. तो आरशातून सारखा बघत होता.

दार उघडंच होतं. दोन बांगलादेशी पॅकर खोकी बांधत होते. काकू आधीच पुण्याला गेलेल्या. सर लेंगा आणि बंडीवर, मधोमध उभे. म्हातारे दिसत होते. मला त्याचं काही वाटलं नाही. मीही म्हातारीच आहे.

"या वहिनी. चहा नाही देता येणार, कपबश्या गेल्या खोक्यात."

"मी चहाला आले नाही."

"ते दिसतंय," ते म्हणाले. त्यांची नजर माझ्या काखेतल्या गुंडाळीवर होती.

मी एका बंद खोक्यावर ठसा पसरला. कडांवर त्यांचीच चिकटपट्टीची रिळं ठेवली. सरांनी चष्मा शोधला, लावला, वाकले. मी पाठ केलेलं सुरू केलं, "सर, हा माणूस कोण ते तुम्हाला कळायचं नाही, कारण माझ्याकडून एक चूक झालीय. गेली कित्येक वर्षं मी चामखीळ—"

त्यांनी हात वर केला. "नाक ह्या वेळी जरा मोठं काढलंत."

"कुणाचं?"

"माझं."

पॅकरने दिवाणखान्यातला मोठा आरसा काढून भिंतीला टेकवून ठेवला होता. सर सरळ उभे राहिले आणि त्यात त्यांचा चेहरा दिसला. मी आरशाकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. तीच चामखीळ, त्याच बाजूला. तेच केस, त्याच कानावरून. माझ्याकडे वळलेले सर वेगळे होते. आरशातले सर अगदी माझे होते.

स्वतःचा चेहरा माणूस आरशातच बघतो. रोज, दाढी करताना. अख्ख्या ओमानात ह्या चित्रातला माणूस ओळखणारा एकच माणूस होता, आणि पाकीट त्याच्याच घरी जात होतं.

आणि तेव्हाच मला त्या शिंप्याच्या मुलाचं कळलं. तो विसरला नव्हता! कज्जा हरलेला माणूस. उघड ओळखू येईल असं काढलं असतं तर पुन्हा कोर्टात ओढला असता. त्याने चामखीळ मुद्दाम आरशातल्या बाजूला ठेवली. बाजार बघणार आणि कोणीतरी ढेरपोट्या म्हणून सोडून देणार. प्रकाशक बघणार आणि रात्रभर तळमळणार. मी मूर्खपणाने केलं ते त्याने कसबाने केलं होतं. इतकी वर्षं मी त्याला चुकला म्हणत होते. उभ्या उभ्या मनातल्या मनात त्याची क्षमा मागितली. सरांची नाही.

"कधी कळलं?" मी विचारलं.

"पहिल्या वर्षी. बकरी."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? हा बकरीपुढचा मनुष्य मी आहे, असं? तुम्ही चारचौघांत विचारलं असतं, 'मग कशासाठी काढला असेल, सांगा बरं?'"

"आणि चौकटीत कशाला घातलीत?"

"लपवली असती तर लोकांनी विचारलं असतं, वहिनींचं कार्ड कुठंय. भिंतीवर लावलं की कुणी बघत नाही. मी सोडून. सोफ्यावर बसलं की ती समोरच्या काचेच्या कपाटात दिसायची. म्हणून मी खुर्ची बदलली होती. तुमच्या लक्षात नसेल आलं."

नव्हतं आलं. पण आता इतकं गोड वाटलं की सांगता सोय नाही. वर्षानुवर्षं हा माणूस माझ्यामुळे स्वतःच्या घरात स्वतःच्या सोफ्यावर बसू शकला नव्हता!

मग मी विचारलं, "ताम्रपट कुणाचा, सर?"

ते पॅकरांकडे बघत पुटपुटले, "तुमचा."

"मोठ्याने."

"तुमचा, वहिनी. कोरलेला तुमचा. तो कारागीर कोण, ते शोधलंत तेही तुम्हीच." खोलीत साक्षीदार दोन होते आणि दोघांनाही मराठीचा गंध नाही. एकाने मान वर करून हिंदीत विचारलं, "यल्ला साब, आईना बांधू?" सर म्हणाले, "बांधो."

"मग नव्या आवृत्तीत तसं छापा," मी म्हटलं. "मुखपृष्ठाच्या खाली. माझं नाव."

सरांनी चष्मा काढला, बंडीच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला. मग जे बोलले ते मी जसंच्या तसं इथे उतरवते आहे.

"नाव नाही छापणार, वहिनी. आता छापलं तर लोक विचारतील, इतकी वर्षं का नव्हतं, आणि त्याचं उत्तर द्यायची माझ्यात धमक नाही. त्यापेक्षा दर दिवाळीला तुमचं पाकीट आलं की बाथरूमची कडी लावून एकट्याने उघडायचं, हे मला जमतं, आता अंगवळणी पडलंय. पुण्याचा पत्ता सांगतो, लिहून घ्या. आणि पाकिटावर माझं नाव मोठ्या अक्षरांत, नीट घाला, नाहीतर सोसायटीचा वॉचमन दुसऱ्याच कुणाला तरी देऊन टाकेल."